सुटून आलेल्या माणसाची गुन्हेकथा लिहिताय? आधी एक हिशेबाची वही घ्या

माझ्या पहिल्या खर्ड्यात तुरुंगाचा दरवाजा करकरत उघडला, नायक बाहेर आला, त्याने आभाळाकडे पाहिलं, सिगारेट पेटवली आणि अकराव्या पानावर त्याच्या हातात पिस्तूल होतं. मला तो खर्डा फार आवडला होता. नऊ वर्षं आत काढून आलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांना मी तो वाचायला दिला. चार दिवसांनी त्यांनी तो परत केला आणि एवढंच म्हणाले, "तुमचा माणूस दार ढकलून आत जातो. मी कितीतरी महिने दारापुढे जाऊन नुसता उभा राहायचो. कुणीतरी उघडेल म्हणून."

पिस्तुलाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

ती कादंबरी पुढे मी तीनदा नव्याने लिहिली. या तीन खेपांत जे पदरात पडलं ते इथे क्रमाने सांगतो आहे, म्हणजे तुमची निदान एक खेप वाचेल. तुम्ही याआधी रहस्यकथा लिहिली असेल तर सावध राहा, कारण तिथल्या बऱ्याच सवयी इथे आड येतात. रहस्यकथेत गुन्हा आधी घडतो आणि बाकी सगळं त्याच्या मागे धावतं. इथे गुन्हा केव्हाच घडून गेलेला असतो, शिक्षाही भोगून झालेली असते, आणि तरीही काही संपलेलं नसतं.

लागणारं सामान

- एक जाड हिशेबाची वही (का, ते तिसऱ्या पायरीत)
- कथेच्या वर्षाचं वारांसकट कॅलेंडर
- नायक जिथे सुटतो त्या देशातल्या सुटकेच्या अटी, एका पानावर आपल्या हाताने उतरवून घेतलेल्या
- त्याच्या गुन्ह्याचा निकाल. काल्पनिक असला तरी तुम्ही स्वतः लिहिलेला, एक-दोन पानांचा. कादंबरीत तो जाणार नाही, पण तुमच्या टेबलावर हवा.
- आत राहून आलेला निदान एक वाचक, आणि त्याच्याशी नीट बोलण्याची तयारी

१. 'सुटला' म्हणजे कसा सुटला, ते आधी ठरवा

मराठीत आपण एकच शब्द पाच वेगवेगळ्या माणसांना लावतो. कोणी निर्दोष सुटतो, कोणी जामिनावर, कोणी पॅरोलवर, कोणी शिक्षेत सूट मिळून मुदतीआधी, तर कोणी शिक्षेचा शेवटचा दिवस भरून. गप्पांमध्ये हे खपून जातं, कथानकात खपत नाही. जामिनावरचा माणूस बहुतेक वेळा अजून दोषीच ठरलेला नसतो. त्याची कथा तारखांची आणि साक्षीदारांची होते. पूर्ण शिक्षा भोगून आलेल्यावर कायद्याचा लगाम कमी असतो, पण त्याची विचारपूस करणारंही कुणी नसतं. लवकर सुटलेल्याच्या पाठीवर अटी असतात आणि त्यातली एक मोडली की दार पुन्हा उघडतं, या खेपेला आतल्या बाजूला.

*इथला सापळा:* 'पॅरोल' हा शब्द. परदेशी कादंबऱ्या वाचून आणि चित्रपट पाहून आपण तो सर्रास चुकीचा वापरतो. भारतात पॅरोल म्हणजे ठरावीक दिवसांची रजा. ती संपली की माणसाला परत आत जाऊन हजर व्हावं लागतं. अमेरिकी कथेतला पॅरोल म्हणजे उरलेली शिक्षा बाहेर राहून, अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली भोगणं. पहिल्या प्रकारात घड्याळ परतीच्या दिवसाकडे पळतं, दुसऱ्यात रोजचा दिवसच परीक्षेचा असतो. मी माझ्या पहिल्या खर्ड्यात दोन्हींची खिचडी केली होती. नायक रजेवर होता आणि नोकरीही शोधत होता!

२. पहिला दिवस तासातासाने लिहा

हा दिवस तुमच्या कथेत दोन ओळींत उरकला तरी हरकत नाही. पण वहीत तो सकाळपासून रात्रीपर्यंत पूर्ण लिहा. घाई करू नका, कारण या प्रकारच्या लेखनातली खरी खाण इथेच आहे.

आल्फ्रेड डॉब्लिन या जर्मन लेखकाची १९२९ सालची बर्लिनवरची कादंबरी अशाच दिवसाने सुरू होते. चार वर्षं भोगून फ्रांत्स बिबरकोफ टेगेल तुरुंगाच्या फाटकाबाहेर उभा आहे. एक ट्राम येते, जाते. दुसरी येते, तीही जाते. तो पाठ लाल भिंतीला टेकवून तसाच उभा. शिक्षा आता सुरू होतेय, असं लेखक तिथे सांगून टाकतो. पुढे शहरात शिरल्यावर त्याला भीती वाटते ती पोलिसांची नाही, घरांवरची छपरं घसरून खाली येतील याची! पाठलाग नाही, हत्यार नाही, आणि वाचकाचा श्वास मात्र अडकलेला.

आर. के. नारायण यांनी १९५८ मध्ये हेच हसतखेळत केलं. त्यांच्या 'द गाइड' कादंबरीतला राजू दोन वर्षांची कैद संपवून बाहेर येतो. तुरुंगासमोरचा न्हावी त्याची दाढी करता करता नुसत्या चेहऱ्यावरून अंदाज बांधतो की हा काही खुनी दिसत नाही, याचं प्रकरण किरकोळच असणार. सुटलेल्या माणसाला जग कसं वाचतं हे दाखवायला केवढा साधा माणूस निवडला बघा. तुमच्या कथेतही पहिल्या दिवशी असा एखादा 'वाचणारा' असू द्या. तो पोलिस नसलेला बरा.

तासांच्या या यादीत काय काय भरायचं? मला लोकांनी सांगितलेल्या काही गोष्टी देतो. आतमध्ये नजर नेहमी कुठल्या तरी भिंतीला जाऊन थांबते, त्यामुळे लांबवर पाहिलं की डोळे दुखतात. रस्ता ओलांडताना गाड्यांच्या वेगाचा अंदाज येत नाही. रात्रभर दिवा जळत असायचा, आता अंधारात झोप येत नाही. खिशात किल्ली असणं विचित्र वाटतं. काय हवं, असं कुणी विचारलं की उत्तर सुचत नाही, कारण इतकी वर्षं कुणी विचारलेलंच नसतं. मोजणीच्या वेळेला जाग येते आणि माणूस अंथरुणाच्या कडेला उठून बसतो. डोनाल्ड क्लेमर या अमेरिकी अभ्यासकाने १९४० मध्ये तुरुंगातल्या जगावर पुस्तक लिहिलं आणि आतल्या रीतीभाती हळूहळू अंगात मुरण्याच्या या क्रियेला स्वतंत्र नावच दिलं. लेखकाला नाव नसलं तरी चालतं. अंथरुणाच्या कडेला बसलेला माणूस दिसला पाहिजे.

हे दिवस नुसते अवघड नसतात, ते जिवावरचेही असतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या ३० हजारांहून अधिक कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचं प्रमाण त्याच राज्यातल्या इतर लोकांच्या तुलनेत १२.७ पट होतं, आणि सगळ्यात मोठं कारण होतं अमली पदार्थांचा अतिरिक्त डोस. कारण साधं आहे. आत असताना शरीराची सवय तुटते, बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मापाने घेतो. तुमच्या कथेत नायकासोबत त्याच आठवड्यात सुटलेला एखादा साथीदार असेल, तर त्याचं काय झालं ते वहीत नक्की लिहा. खून न करताही तुमच्याकडे एक मृत्यू असू शकतो.

३. वहीत तीन रकाने पाडा: पैसा, वेळ, परवानगी

माझं सगळं म्हणणं या पायरीत आहे. बाकी काही नाही केलंत तरी हे करा.

डाव्या पानावर तारीख घाला. पहिल्या रकान्यात नायकाकडे त्या दिवशी सकाळी किती पैसे होते आणि रात्री किती उरले. दुसऱ्यात त्याचे तास. तिसऱ्यात त्या दिवशी त्याला कुणाकुणाची परवानगी लागली. मालकाची, अधिकाऱ्याची, मेहुण्याची, घरमालकाची. रोज. निदान पहिले चाळीस दिवस.

व्हिक्टर ह्यूगो हा हिशेब ठेवत होता. १८६२ च्या 'ले मिझराब्ल' या जाडजूड कादंबरीत जाँ व्हालजाँ भाकरीची चोरी आणि पळून जाण्याचे प्रयत्न मिळून १९ वर्षं भोगतो. सुटताना त्याच्या हाती १०९ फ्रँक १५ सू पडतात. त्याच्या स्वतःच्या हिशेबाने ते जास्त व्हायला हवे होते, आणि ती कापाकाप त्याच्या मनात सलते. पुढे वाटेत तो दिवसभर हमाली करतो, सुटलेल्या कैद्याचं पिवळं ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि संध्याकाळी मजुरी इतरांपेक्षा कमी मिळते. मग खाणावळी बंद, दारं बंद. शेवटी आसरा देणाऱ्या बिशपच्या घरातली चांदीची भांडी तो चोरतो तोवर वाचकाने चोरीचा सगळा जमाखर्च पाहिलेला असतो. म्हणून ती चोरी वाचताना कुणाला 'हा असाच आहे' असं वाटत नाही आणि 'बिचारा' असंही नुसतं वाटत नाही.

माझ्या वहीत काय घडलं ते सांगतो. नायकाला दर बुधवारी सकाळी अकरा वाजता हजेरी द्यायची होती. काम मिळालं ते आठ ते चार. मालकाला खरं सांगितलेलं नव्हतं. पहिल्या बुधवारी दात दुखतोय म्हणून सुट्टी. दुसऱ्या बुधवारी बहिणीचं आजारपण. तिसऱ्या बुधवारी मुकादम म्हणाला, आता गेलास तर उद्या येऊ नकोस. हजेरी चुकली तर अटभंग, काम सुटलं तरी अटभंग, कारण नोकरी टिकवणं हीसुद्धा अट. एकविसाव्या पानावर, निव्वळ रकाने भरता भरता, माझा नायक कोंडीत सापडला होता, आणि मी अजून एकही खलनायक निर्माण केला नव्हता. त्याने त्या दिवशी हजेरीच्या कागदावर खाडाखोड केली. नऊ वर्षांनंतरचा पहिला गुन्हा. त्यात पिस्तूल कुठेच नव्हतं.

परवानगीच्या रकान्यात अटी बारकाईने उतरवा. ठरलेल्या हद्दीबाहेर न जाणं, रात्री ठरावीक वेळेनंतर घरात असणं, इतर गुन्हेगारांशी संबंध न ठेवणं अशा अटी बऱ्याच देशांत आढळतात. शेवटची अट वाचायला किती शहाणपणाची वाटते! आता नायकाचा सख्खा भाऊही शिक्षा भोगून आलेला आहे असं धरा. आईच्या अंत्यसंस्काराला दोघं शेजारी उभे राहू शकतात का? प्रसंग तयार आहे.

काही बंधनं कायद्यातून येत नाहीत, करारांतून येतात, आणि ती तर गोष्टीला फारच उपयोगी. जपानमध्ये याकुझा टोळी सोडलेल्या माणसालाही साधारण पाच वर्षं टोळीवाल्यासारखंच धरलं जातं. त्या काळात त्याला बँकेत खातं उघडणं किंवा स्वतःच्या नावावर फोन घेणं मुश्कील होऊन बसतं. खातं नाही म्हणून पगार नाही, फोन नाही म्हणून घर नाही. टोळी सोडली त्याचा हा मोबदला. ब्रिटनमध्ये उलट १९७४ च्या एका कायद्याने काही शिक्षा ठरावीक मुदतीनंतर 'जुन्या' धरल्या जातात आणि बहुतेक नोकऱ्यांसाठी त्या सांगाव्या लागत नाहीत. ही मुदत संपायला दोन महिने उरलेला माणूस घ्या आणि त्याला आजच नोकरीचा अर्ज भरायला लावा. 'तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का?' या रकान्यावर त्याचं पेन किती वेळ थांबतं, त्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहतं.

*सापळा:* हिशेब वहीत ठेवायचा, कादंबरीत ओतायचा नाही. माझ्या दुसऱ्या खर्ड्यात बसभाडंसुद्धा होतं. एका वाचकाने समासात लिहिलं, 'हा नायक आहे की कारकून?'

४. त्याने गुन्हा खरंच केलेला असू द्या

नवख्या लेखकाचा हात इथे फार थरथरतो. नायक वाचकाला आवडावा म्हणून आपण त्याला निर्दोष ठरवतो. खोट्या साक्षीने अडकला, मित्राचा आळ स्वतःवर घेतला, वगैरे. ती वेगळ्या प्रकारची गोष्ट आहे आणि चांगली होऊ शकते, पण मग समाजात परतण्याचा प्रश्नच सोपा होऊन जातो. जग चुकलं, तो बरोबर, संपलं. बिबरकोफने बाईचा जीव घेतलेला आहे. त्याने आता सरळ वागायचं ठरवलंय हे आपल्याला पटतं आणि तो अंगावर काटाही आणतो. ही दोन्ही एकाच वेळी साधली तर पान उलटतं.

तो निकाल लिहिण्याचा उपयोग इथे होतो. ज्याचं नुकसान झालं त्या माणसाला त्यात नाव, वय, धंदा, घरचे लोक द्या. माझ्या पहिल्या खर्ड्यात मेलेला माणूस नुसता 'तो' होता. तिसऱ्यात त्याला एक मुलगी आली, आणि कादंबरीतला सर्वात अवघड प्रसंग तिने फुकटात दिला. ती नायकाला ओळखत नाही, तो तिला ओळखतो.

५. भोवतीची माणसं

इथे फार रेंगाळत नाही. चार-पाच पुरतात. एक देखरेख करणारा, एक काम देणारा, घरातलं कुणी, जुन्या टोळीतलं कुणी, आणि नुकसान झालेल्यांपैकी कुणी. प्रत्येकाला नायकाकडून काहीतरी हवं असलं पाहिजे. नुसती माया करणारी बहीण आणि नुसता छळणारा अधिकारी ही दोन्ही सोंगं आहेत.

अधिकारी चांगला असला तर ताण उतरेल ही भीती बाळगू नका. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या चित्रपटात सहा खुनी कैद्यांना एक जेलर माळरानावर शेती करायला घेऊन जातो. गदिमांनी लिहिलेल्या त्या कथेला औंध संस्थानातल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगाचा आधार होता. जेलर इतका विश्वास टाकतो म्हणूनच पाहणारा सगळा वेळ धास्तावलेला असतो, आज कोण पळणार म्हणून. संशय घेणाऱ्या माणसाला फसवणं सोपं, विश्वास टाकणाऱ्याला फसवलं की पान जड होतं. जपानमध्ये सुटलेल्यांवर लक्ष ठेवण्याचं बरंचसं काम पगार न घेणारे स्वयंसेवक करतात, बऱ्याचदा शेजारपाजारचेच निवृत्त लोक. अधिकाऱ्याच्या जागी असा म्हातारा बसवून पाहा, सगळ्या संवादांचा पोत बदलतो.

६. गुपित कुणापासून, आणि किती दिवस?

सुटलेल्या माणसाजवळ एक वस्तू असतेच असते, ती म्हणजे न सांगितलेली गोष्ट. ती कुणाला माहीत आहे आणि कुणाला नाही, याची वहीच्या मागच्या पानावर यादी करा. प्रत्येक नावापुढे कळण्याची तारीख टाका.

लपवावं का लागतं, याचं उत्तर भावनेत शोधू नका. देवा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मिलवॉकी शहरात केलेला प्रयोग २००३ मध्ये छापून आला. सारख्याच शिक्षणाच्या, सारख्याच दिसणाऱ्या तरुणांच्या दोन जोड्या, एक गोऱ्यांची आणि एक काळ्यांची, नोकऱ्या मागायला पाठवल्या. जोडीतल्या दोघांत फरक फक्त कागदावर होता. शिक्षा न झालेल्या गोऱ्या उमेदवारांपैकी ३४ टक्क्यांना पुन्हा बोलावणं आलं, शिक्षा झालेल्यांपैकी १७ टक्क्यांना. काळ्या उमेदवारांत हेच आकडे १४ आणि ५ होते. म्हणजे शिक्षा झालेला गोरा हा कधीच काही न केलेल्या काळ्याच्या पुढे होता! तुमच्या नायकाची जात, रंग, भाषा, गाव काय आहे, हे यानंतर तुम्ही मोघम ठेवू शकणार नाही.

गुपिताच्या दोन खऱ्या गोष्टी मला फार कामी आल्या. ओ. हेन्री हे टोपणनाव घेणारा लेखक बँकेच्या पैशांच्या अपहारासाठी १८९८ ते १९०१ ओहायोच्या तुरुंगात होता, आणि त्याच्या लहान मुलीला बाबा कुठे आहेत ते सांगितलं गेलं नव्हतं. त्याने नंतर तिजोऱ्या फोडणाऱ्या एका सुटलेल्या चोराची कथा लिहिली. चोर नवं नाव घेऊन सुधारलेला, लग्न ठरलेलं, हत्यारांची पेटी कायमची देऊन टाकायला निघालेला. तेवढ्यात नव्या तिजोरीत एक मूल अडकतं. मुलाला वाचवायचं तर सगळ्यांसमोर, त्यातही पाळतीवरच्या गुप्तहेरासमोर, जुनी विद्या दाखवावी लागणार. गुपित फोडणारं आणि माणसाला थोर करणारं कृत्य एकच. इतकी चोख बांधणी मला अजून जमलेली नाही.

दुसरी गोष्ट अ‍ॅन पेरी यांची. १९५४ मध्ये न्यूझीलंडमध्ये मैत्रिणीच्या आईच्या खुनात त्या १५ वर्षांच्या असताना सामील होत्या. पाच वर्षांनी सुटल्या, नाव बदललं, आणि १९७९ पासून गुन्हेकथा लिहून जगभर वाचल्या गेल्या. १९९४ मध्ये त्या प्रकरणावर चित्रपट आला आणि त्यांची जुनी ओळख उघडी पडली. खुनानंतर ४० वर्षं. गुपित पहिल्याच महिन्यात फुटलं पाहिजे असा काही नियम नाही.

७. तो स्वतःला काय सांगतो?

शॅड मारुना या अभ्यासकाने लिव्हरपूलमध्ये दोन प्रकारच्या लोकांच्या जीवनकहाण्या ऐकल्या, गुन्ह्यातून बाहेर पडलेल्यांच्या आणि न पडलेल्यांच्या. २००१ च्या त्याच्या पुस्तकात एक मजेशीर फरक दिसतो. जे अडकून राहिले ते म्हणतात, माझं आयुष्य आधीच ठरून गेलंय, आता माझ्या हातात काही नाही. जे बाहेर पडले ते सांगतात, मी मुळात बरा होतो, परिस्थितीने वाट चुकलो, कुणीतरी माझ्यावर विश्वास टाकला, आता मला इतरांसाठी काही करायचंय.

लेखकाच्या दृष्टीने गंमत अशी की दुसरी कहाणी काटेकोर खरी असेलच असं नाही. तिच्यात थोडी सारवासारव असते, पण ती माणसाला तारते. तुमच्या नायकाने स्वतःची कहाणी तीन वेगळ्या माणसांना, तीन वेगळ्या वेळी सांगितलेली लिहून पाहा. तपशील जिथे बदलतात तिथे बोट ठेवा. आणि सगळं खरं, काहीही न झाकता सांगणारा माणूस तुमच्या कथेत असेल, तर तो बहुधा परत आत जाणार आहे.

८. नवा गुन्हा सगळ्यात शेवटी ठरवा

*सर्वात मोठा सापळा:* 'शेवटचा एकच डाव.' जुना मित्र येतो, मोठी रक्कम सांगतो, नायक आधी नाही म्हणतो, मग बहिणीचं ऑपरेशन निघतं. हे वाचकाला पाठ आहे. तुम्हालाही आहे, म्हणूनच ते आधी सुचतं.

त्याऐवजी वही उघडा. तिन्ही रकान्यांत एकाच वेळी शून्य कुठल्या तारखेला येतं ते बघा. गुन्हा त्या तारखेच्या आसपास असतो आणि तो किती मोठा असेल हेही रकानेच सांगतात. एडवर्ड बंकर हा सतराव्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात गेलेला माणूस. त्याची पहिली कादंबरी १९७३ मध्ये आली तेव्हा तो आतच होता. तिच्यातला सुटलेला चोर सरळ राहायचा प्रयत्न करतो आणि त्याच्यावरच्या अधिकाऱ्याशी त्याचं फाटतं. पुढे तो गुन्ह्याकडे वळतो तेव्हा त्याच्या स्वभावाचा वाटा किती आणि दारं बंद होण्याचा किती, हे बंकर आपल्याला वेगळं काढू देत नाही. हे वेगळं न काढता येणं कमवावं लागतं. सगळा दोष व्यवस्थेवर टाकलात की नायक बाहुला होतो, सगळा त्याच्यावर टाकलात की पहिली दोनशे पानं वाया जातात.

आणखी एक, गुन्हा घडलाच पाहिजे असंही नाही. घडेल असं शेवटपर्यंत वाटलं तरी ती गुन्हेकथाच.

९. आत राहून आलेल्यांशी बोलताना

'तुम्ही काय केलं होतं?' हा पहिला प्रश्न नको. दुसराही नको. किल्ल्या, झोप, चपला, ताट, दिवा यांबद्दल विचारा. माणूस स्वतःहून जिथे जायचं तिथे जातो. नाव, गाव, वर्ष, गुन्ह्याचा प्रकार यातलं काय बदलायचं ते त्यांनाच ठरवू द्या, आणि लिहिलेला भाग छापण्याआधी दाखवा. मी एकदा एका गृहस्थांचा प्रसंग जवळजवळ जसाच्या तसा वापरला. त्यांच्या भावाने ओळखला. घरात बोलणं बंद झालं ते त्यांचं, माझं नाही. पुढच्या आवृत्तीत मी तो काढला, पण छापलेलं परत घेता येत नाही.

तुरुंगी बोलीचा सोसही आवरा. एक-दोन शब्द पुरतात. बाहेर आलेला माणूस ती बोली लपवायच्याच खटपटीत असतो. एखादा शब्द चुकून तोंडातून निसटला आणि ऐकणाऱ्याने मान वर केली, तर तो शब्द सार्थकी लागला.

१०. शेवट करण्याआधी एकदा वाचून घ्या

तिसरा खर्डा मी पुन्हा त्याच गृहस्थांकडे नेला. या वेळी त्यांना तीन आठवडे लागले. दारापुढे थांबण्याचा प्रसंग त्यांना पटला होता, हजेरीच्या कागदावरची खाडाखोडही. फक्त एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. त्या पानावर बहिणीच्या घरी पहिल्या रात्री माझा नायक दिवा मालवून झोपत होता.

"बटण कुठं आहे ते त्याला कुणी दाखवलं?" त्यांनी विचारलं.

मी ते पान परत लिहिलं. आता तो रात्रभर दिवा तसाच ठेवून पडून राहतो आणि सकाळी बहीण विजेच्या बिलावरून बोलते.